हुकूम आणि दाद

कनिष्ठ शिपायाने हुकूम मानला नाही, तर नायकाने काय करावे? पुष्कळजण एका शब्दात उत्तर देतील: शिक्षा. आम्हांस हे उत्तर अपुरे वाटते.

मुंबईतलेच उदाहरण घेऊ. १९४६ च्या फेब्रुवारीत कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या शिक्षणकेंद्रातील खलाशांनी, कमांडर किंग शिवीगाळ करतो, अशी तक्रार केली होती. निकृष्ट अन्नाचे गाऱ्हाणे तर जुनेच होते. वेळीच दाद लागली नाही. १८ फेब्रुवारीस खलाशांनी अन्न नाकारले आणि उठावाचे लोण पाहता पाहता कराचीपर्यंत गेले. त्यामागे स्वातंत्र्याची ओढ होती, हे खरेच. पण ठिणगी अपमानाची होती.

स्वतंत्र भारताच्या १९५० च्या सेना-कायद्यात दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम जाणूनबुजून धुडकावणाऱ्यास कलम ४१ अन्वये चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याचे कलम २६ अन्याय झालेल्या शिपायास वर दाद मागण्याचा हक्क देते.

म्हणून नायकाने हुकूमभंगाकडे कानाडोळा करू नये. तसे केल्यास उरलेली तुकडीही बिघडते. परंतु चारचौघांत पाणउतारा न करता हुकूम स्पष्ट शब्दांत पुन्हा सांगावा, मग एकांतात कारण विचारावे. शिक्षा द्यावी ती चौकशीअंती, रागाच्या भरात नव्हे. तक्रार ऐकल्याने अधिकार कमी होत नाही. न ऐकलेली तक्रारच पुढे हुकूम मोडते, असे आम्हांस वाटते.