दीपकाडी : जांभ्याच्या पोटातला कांदा

वनस्पतिशास्त्रात ज्याला इरिडेसी आणि मराठीत केसर कुल म्हणतात, त्या कुळात दोन हजारांहून अधिक जाती मोडतात. केशर देणारा क्रोकस, बागेतील आयरिस आणि गोव्यात लग्नाच्या मंडपापासून चर्चच्या वेदीपर्यंत सर्वत्र दिसणारा ग्लॅडिओलस ही त्यांतील सर्वांच्या ओळखीची मंडळी होत. या कुळाच्या निम्म्याहून अधिक जाती सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आढळतात आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती दक्षिण टोकाच्या केप प्रदेशात आहे, जिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडाठाक जातो. अशा ठिकाणी टिकून राहण्यासाठी या वनस्पतींनी आपला संसार जमिनीखाली नेला. ग्लॅडिओलस आणि क्रोकस यांचा तथाकथित कांदा हा प्रत्यक्षात घनकंद असतो, म्हणजे तो कांद्यासारखा पापुद्र्यांचा नसून अन्नसाठ्याने भरीव झालेला खोडाचाच आखूड तुकडा असतो. दरवर्षी जुना घनकंद झिजून जातो, त्याच्या डोक्यावर नवा तयार होतो, आणि काही मुळे आखडत जाऊन या नव्या घनकंदाला पुन्हा योग्य खोलीपर्यंत खाली ओढून घेतात.

गोव्याच्या रानात केसर कुळाची मूळची वनस्पती उगवत नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला, आणि त्यात ज्या ‘देशी केशरा’ची चर्चा आहे ती वस्तू म्हणजे आपली हळद, खरे केशर तेव्हाही दूरदेशाहून येणाऱ्या मालातच मोडत होते. मात्र केपमधील त्या फुलझाडांची जी जीवनरीत आहे, ती पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर जशीच्या तशी भेटते. फरक इतकाच, की येथे ती दुसऱ्या कुळांतील वनस्पतींनी आपल्या परीने साधली आहे. त्यांतील सर्वांत देखणी, आणि या लेखाचा मुख्य विषय असलेली वनस्पती म्हणजे दीपकाडी.

सडा म्हणजे माथा सपाट असलेले खडकाळ पठार. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधला पेडणे तालुका मोपा, धारगळ, वारखंड या भागांत अशा सड्यांनी उंचावलेला आहे, आणि शेजारच्या डिचोलीत मये, शिरगाव, मुळगाव या गावांच्या डोक्यावर हाच दगड पसरलेला आहे. मुसळधार पाऊस आणि कडक ऊन यांच्या आलटूनपालटून माऱ्याने मूळ खडकातील विरघळणारी द्रव्ये लाखो वर्षांत वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, त्यांचाच हा तांबडा, सच्छिद्र दगड बनला. फ्रान्सिस बुकानन याने 1807 मध्ये मलबारातील अशा दगडाला विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले, कारण जमिनीतून काढताना तो कुऱ्हाडीने कापता येतो आणि हवेत राहिला की घट्ट होतो. गोव्यातील घरे ज्या चिऱ्यांनी बांधली, ते चिरे याच दगडाचे. सड्यावर माती जेमतेम चार बोटे असते आणि ती खळग्यांतून व भेगांतून साठलेली असते; वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून जातो आणि उरलेले आठ महिने हा कातळ तापत राहतो. एवढ्या थोड्या मातीत झाड मोठे होऊ शकत नाही, आणि एवढ्या लांबलेल्या उन्हात पानांचा पसारा सांभाळणे परवडत नाही, तेव्हा वर्षाचा मोठा भाग जमिनीखाली झोपून काढणे हाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

मृगाचा पाऊस मुरला की खळग्यातील मातीतून अरुंद, पन्हळीसारखी खोलगट पाने वर येतात आणि त्यांच्यामधून एक बारीक, ताठ दांडा निघून त्यावर शुभ्र फुले उमलतात. ही कोंकणी दीपकाडी, शास्त्रीय नावाने दिपकाडी कॉन्कॅनेन्सिस. मुंबई इलाख्यात वनखात्यात काम करणाऱ्या निकोल डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर केले, आणि कोकण व गोवा या पट्ट्याबाहेर ती नैसर्गिकपणे आढळत नाही, म्हणजेच ती प्रदेशनिष्ठ आहे. या शतकात गोव्यातून याच प्रजातीची आणखी एक नवी जात नोंदवली गेली आणि तिला गोव्याचेच नाव मिळाले, दिपकाडी गोएन्से. ‘दिपकाडी’ हे प्रजातीचे नाव भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडून आलेले असून दिव्याशी किंवा काडीशी त्याचा काही संबंध नाही. तरी बारीक काडीवर पांढरी ज्योत लावावी तसे हे फूल पाहिल्यावर मराठी कानाने त्यात दीप आणि काडी ऐकली यात नवल नाही, आणि हा योगायोग जपण्यासारखाच आहे.

हे फूल जवळून पाहिले तर केसर कुळाशी त्याचे साम्य कोठे संपते तेही कळते. दीपकाडीची सहा परिदले, म्हणजे पाकळ्यांसारखे दिसणारे भाग, तळाशी जुळून नळी बनवतात आणि नळीच्या आत सहा पुंकेसर असतात. क्रोकस किंवा ग्लॅडिओलसमध्ये ते तीनच असतात. दीपकाडीचा अंडाशय, ज्याचे पुढे फळ होते, तो फुलाच्या आत परिदलांच्या वर बसलेला असतो, तर केसर कुळात तो त्यांच्या खाली असतो. जमिनीखालीही भेद आहे : दीपकाडीचा कंद हा खऱ्या अर्थाने कांदा असून, स्वयंपाकघरातील कांद्याप्रमाणे पापुद्र्यावर पापुद्रा चढून तो तयार होतो, आणि हे पापुद्रे म्हणजे अन्न साठवणारी पानेच असतात.

दीपकाडीच्या सोबतीला सड्यावर आणि त्याच्या उतारांवर अशीच भूमिगत मंडळी आहेत. कोळकांदा किंवा रानकांदा भर उन्हाळ्यात, एकही पान नसताना नुसता फुलांचा दांडा वर काढतो आणि पाने पावसावर सोपवतो. त्याचा कांदा विषारी असून त्यातील द्रव्ये थेट हृदयावर परिणाम करतात. कुंपणांवर चढणारी कळलावी, जिच्या पिवळ्या-तांबड्या पाकळ्या वाघनखांसारख्या मागे वळलेल्या असतात, तिच्या कंदात कोल्चिसिन हे तीव्र विष असते. चवथीला गणपतीपुढे रानफुलांची आणि रानफळांची जी माटोळी बांधली जाते, तिच्यासाठी पेडणे-डिचोलीची माणसे अजूनही रानात जातात. कोणते फूल तोडावे आणि कोणता कंद हाताळू नये याचे ज्ञान घराघरात टिकले ते या परंपरेमुळे, आणि ते कोणत्याही पुस्तकी ज्ञानापेक्षा कमी मोलाचे नाही.

सड्याचे दुर्दैव असे, की त्याची पारख बहुधा चुकीच्या ऋतूत होते. एप्रिलमध्ये वर उभे राहिले तर करपलेले गवत आणि उघडा दगड यांखेरीज काही दिसत नाही, म्हणून तो पडीक ठरतो, आणि पडीक ठरलेली जमीन कशासाठीही देता येते. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणींनी कित्येक टेकड्यांचे माथेच नाहीसे केले; 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, पण उकरलेला माथा त्यामुळे परत आला नाही. मोप्याच्या सड्यावर विमानतळ झाला. त्याची पर्यावरणीय परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये स्थगित केली, जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठवली, आणि 5 जानेवारी 2023 रोजी तेथून विमाने उडू लागली. विमानतळ हवा की नको हा वाद वेगळा आहे. परंतु सड्याची पाहणी करायची तर ती मृगानंतरच्या आठवड्यांत आणि पुन्हा भाद्रपदात केली पाहिजे, कारण कोरड्या दिवसांत केलेल्या मोजणीत झाडे सापडतील, कांदे सापडणार नाहीत. पाण्याचा हिशेबही याच दगडाशी बांधलेला आहे : सच्छिद्र जांभा पावसाळ्यात पाणी पितो आणि उतारावरच्या झऱ्यांतून ते हळूहळू सोडतो, ज्यावर खालच्या गावांच्या विहिरी आणि बागायती चालतात.

भाद्रपदापर्यंत दीपकाडीचे तीन कप्प्यांचे बोंड पिकून फुटते आणि त्यातील चपटे, काळे बी वाऱ्याने सड्यावर विखुरते. त्यातील जे एखाद्या भेगेतल्या मातीत अडकते तेच रुजते. दिवाळीच्या सुमारास गवत पिवळे पडते, पाने वाळून जातात, आणि खळग्याच्या काठाशी उरते ती फक्त एक वाळकी काडी, तिच्या खाली चार बोटांवर पुढच्या मृगाची वाट पाहत पडलेल्या कांद्यासह.