क्लाउडवरील सर्व्हर मंदावतो तेव्हा : निदानसाधनांची उभारणी व वापर

ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत हवामानाधारित कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, तयार करण्यात येतो. फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, पेरणीसाठी पावसाची वाट पाहावी काय, यांसारखे निर्णय या सल्ल्यावर अवलंबून असतात. अशा सल्ल्यासाठी लागणाऱ्या हवामान नोंदी, उपग्रह प्रतिमा आणि पीक प्रारूपे हाताळण्याचे काम संशोधन संस्थांतून आता बहुधा सर्व्हरवर होते, आणि हे सर्व्हर उत्तरोत्तर क्लाउडवर जात आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे येथे, तर अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे आपली क्लाउड सेवा सुरू केली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ऑगस्ट २०२० मध्ये हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमीत ‘कृषी मेघ’ हे माहिती पुनर्प्राप्ती केंद्र कार्यान्वित केले. अशा व्यवस्थेतील एखादा सर्व्हर ऐन मंगळवारी सकाळी मंदावला, तर दुपारचा सल्ला संध्याकाळवर जातो आणि तोवर फवारणीची वेळ टळून गेलेली असते.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच उपाय सुचवला जातो : मोठ्या क्षमतेचे यंत्र भाड्याने घ्या. हा उपाय पिवळी पाने दिसताच युरिया टाकण्यासारखा आहे. नत्राच्या कमतरतेने प्रथम जुनी, खालची पाने पिवळी पडतात. लोहाच्या कमतरतेने प्रथम कोवळी, शेंड्याकडील पाने पिवळी पडतात. आणि मुळाशी पाणी साचले तरी पीक पिवळेच दिसते. लक्षण एक, कारणे तीन आणि उपायही तीन. सर्व्हरच्या मंदपणाचेही तसेच आहे. माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नये असे आपण शेतकऱ्यांना सांगतो; तीच शिस्त आपल्या संगणकांना लावण्यासाठी कोणती साधने बसवावीत आणि त्यांचे आकडे कसे वाचावेत, याचे विवेचन या लेखात केले आहे.

नेमके काय मोजावयाचे?

क्लाउडवर आपणास मिळते ते व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका मोठ्या प्रत्यक्ष संगणकाचा सॉफ्टवेअरने वेगळा केलेला हिस्सा. त्याच संगणकावर इतर ग्राहकांचीही यंत्रे चालू असतात. त्यामुळे स्वतःच्या खोलीतील सर्व्हरला नसलेल्या दोन गोष्टी येथे असतात : शेजाऱ्यांशी वाटून घेतलेली साधने आणि सेवादात्याने घालून दिलेल्या मर्यादा. यंत्र सुस्थितीत असूनही केवळ मर्यादा गाठल्यामुळे ते मंदावू शकते.

तपासणीसाठी चार साधने लक्षात घ्यावीत : प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क. संगणक कार्यक्षमतेचे अभ्यासक ब्रेंडन ग्रेग यांनी रूढ केलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक साधनाविषयी तीन प्रश्न विचारावेत. ते किती वापरात आहे? त्याच्यापुढे रांग लागली आहे काय? त्यात चुका होत आहेत काय? या पद्धतीमुळे तपासणी अंदाजावर न राहता क्रमाने होते.

बाहेरून दिसणारे आणि आतून दिसणारे

प्रत्येक सेवादाता यंत्राचे काही आकडे बाहेरून, म्हणजे आपण काहीही न बसवता दाखवतो. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवॉच सेवेत प्रोसेसर, डिस्क व नेटवर्कचे आकडे साधारणतः दर पाच मिनिटांनी मिळतात. अधिक शुल्क भरल्यास ते दर मिनिटाला मिळू शकतात. परंतु यंत्राच्या आत किती मेमरी वापरात आहे आणि डिस्कवर किती जागा उरली आहे, हे तेथे आपोआप दिसत नाही. त्यासाठी क्लाउडवॉचचा एजंट, म्हणजे माहिती गोळा करणारा छोटा प्रोग्रॅम, यंत्रात बसवावा लागतो आणि आकडे पाठवण्याची अनुमती त्याला द्यावी लागते.

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर क्लाउडवर ‘परफॉर्मन्स डायग्नोस्टिक्स’ हे विस्तारक उपलब्ध आहे. व्हर्च्युअल मशीनच्या व्यवस्थापन पृष्ठावरून ते बसवता येते. त्यामागे ‘परफइनसाइट्स’ हे साधन काम करते आणि ते विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींवर चालते. त्वरित तपासणीपासून सखोल तपासणीपर्यंत प्रकार निवडता येतो. तपासणीअंती तयार होणाऱ्या अहवालात आढळलेल्या बाबी उच्च, मध्यम व निम्न अशा गांभीर्यानुसार मांडलेल्या असतात. तपासणी मंदपणा प्रत्यक्ष जाणवत असतानाच चालवावी. ताप उतरल्यावर घेतलेल्या तापमानाचा उपयोग नसतो.

लिनक्सवरील पायाभूत संच

संशोधन संस्थांतील गणनेचे बरेचसे काम लिनक्सवर चालते. तेथे ‘सिसस्टॅट’ हा विनामूल्य संच प्रथम बसवावा. तो सर्व प्रमुख लिनक्स वितरणांच्या अधिकृत भांडारातून एका आज्ञेने बसतो. त्यात चार उपयुक्त साधने आहेत : डिस्कसाठी आयओस्टॅट, प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यासाठी एमपीस्टॅट, प्रत्येक प्रोग्रॅमच्या वापरासाठी पिडस्टॅट आणि मागील दिवसांच्या नोंदी वाचण्यासाठी सार.

येथे तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, उबुंटू व डेबियनवर संच बसवला तरी नियमित नोंद घेण्याची सोय बंद असू शकते. ती सुरू झाली आहे काय, हे दुसऱ्या दिवशी सार चालवून पाहावे. दुसरी, नोंद मूलतः दर दहा मिनिटांनी घेतली जाते. दहा मिनिटांपैकी दोन मिनिटे प्रोसेसर पूर्ण भरलेला आणि उरलेला वेळ रिकामा असेल, तर सरासरी २० टक्के दिसते व अडचण झाकली जाते. महत्त्वाच्या सर्व्हरवर हा कालावधी एक-दोन मिनिटांवर आणावा. तिसरी, बहुतेक क्लाउड यंत्रांचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असते. आपल्याकडील सकाळच्या दहाची तक्रार तेथील नोंदीत पहाटे साडेचारला शोधावी लागते.

ही साधने अडचण येण्यापूर्वीच बसवणे आवश्यक आहे. यंत्र गुदमरलेले असताना त्यात प्रवेश मिळणेही कठीण होते, मग नवा संच बसवणे दूरच. शिवाय निरोगी स्थितीतील नोंद हाती नसेल, तर आजचा आकडा अधिक की नेहमीचा हे ठरवता येत नाही. किमान दोन आठवड्यांची सामान्य काळातील नोंद प्रत्येक सर्व्हरसाठी जपून ठेवावी.

आकडे वाचताना होणारे गैरसमज

लिनक्सवरील ‘लोड’ हा आकडा केवळ प्रोसेसरचा भार दाखवत नाही. डिस्ककडून उत्तर येण्याची वाट पाहत अडकलेली कामेही त्यात मोजली जातात. म्हणून लोड मोठा आणि प्रोसेसर मोकळा अशी स्थिती संभवते. तेथे प्रोसेसर वाढवून काहीच साधत नाही.

मेमरीच्या तक्त्यात ‘मोकळी’ मेमरी अत्यल्प दिसते म्हणून घाबरू नये. लिनक्स रिकामी मेमरी फाइली जलद देण्यासाठी वापरते आणि गरज पडताच परत करते. ‘उपलब्ध’ हा रकाना पाहावा. व्हीएमस्टॅटमध्ये डिस्कवर मेमरीची ये-जा सतत होताना दिसली, तरच मेमरी अपुरी समजावी. व्हीएमस्टॅट व आयओस्टॅट यांचा पहिला अहवाल यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी सांगतो. त्यावरून सद्यःस्थिती ठरवू नये, पुढील अहवाल पाहावेत.

‘स्टील’ या रकान्यात आपल्या यंत्राला हवा असूनही न मिळालेला प्रोसेसरचा वेळ नोंदला जातो. शेजाऱ्यांचा भार हे त्याचे एक कारण असते; स्वस्त यंत्रांवरील मर्यादा हे दुसरे. अ‍ॅमेझॉनच्या टी२ मायक्रो यंत्राला तासाला ६ क्रेडिट मिळतात आणि एक क्रेडिट म्हणजे एका प्रोसेसरचे पूर्ण क्षमतेचे एक मिनिट. शिल्लक संपली की ते यंत्र १० टक्के क्षमतेवर येते. हलक्या संकेतस्थळास ते पुरते. तासन्तास चालणाऱ्या प्रारूपास पुरत नाही.

एक उदाहरण

समजा, मुंबईतील क्लाउडवर एक यंत्र उपग्रह प्रतिमांवरून पिकांचा हिरवेपणा मोजते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या एका प्रतिमाखंडाचा आकार सुमारे ६०० मेगाबाइट असतो आणि असे अनेक खंड लहान लहान तुकड्यांनी वाचले जातात. डिस्क १०० गिगाबाइटची, जीपी२ प्रकारची. काम सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास वेग उत्तम असतो. नंतर तेच काम रेंगाळते. यंत्र पुन्हा सुरू केले तरी फरक पडत नाही, मात्र दुपारनंतर आपोआप सुधारते.

येथे आयओस्टॅट असे दाखवील : प्रोसेसर निम्म्याहून अधिक मोकळा, डिस्कवरील क्रिया सेकंदाला ३०० वर खिळलेल्या, रांगेत सुमारे ३० मागण्या, आणि प्रत्येक मागणीस सुमारे १०० मिलिसेकंद प्रतीक्षा. आकडा ३०० वरच का थांबतो, याचे उत्तर डिस्कच्या नियमात आहे. जीपी२ डिस्कला प्रत्येक गिगाबाइटमागे सेकंदाला ३ क्रियांची हमी असते. म्हणजे १०० गिगाबाइटला ३००. त्याहून अधिक वेग, सेकंदाला ३,००० क्रियांपर्यंत, शिलकीतून मिळतो. ही शिल्लक शेततळ्यासारखी आहे. भरलेल्या तळ्यात ५४ लाख क्रिया असतात. पूर्ण वेगाने उपसा केल्यास दर सेकंदाला २,७०० निव्वळ घटतात आणि तळे २,००० सेकंदांत, म्हणजे सुमारे ३३ मिनिटांत कोरडे पडते. नंतर वेग एकदशांशावर येतो. उपसा पूर्ण थांबवल्यास तळे पुन्हा भरण्यास ५ तास लागतात. दुपारनंतर यंत्र सुधारते ते यामुळे. क्लाउडवॉचमधील ‘बर्स्ट बॅलन्स’ हा आकडा शून्याकडे जाताना दिसला की निदानाची खात्री होते.

या स्थितीत दुप्पट प्रोसेसरचे यंत्र घेतल्यास मासिक भाडे वाढेल आणि काम तितकेच रेंगाळेल. योग्य उपाय डिस्कचा प्रकार बदलणे हा आहे. जीपी३ प्रकारात आकार कितीही असला तरी सेकंदाला ३,००० क्रियांची हमी मिळते आणि प्रति गिगाबाइट दर जीपी२ पेक्षा २० टक्क्यांपर्यंत कमी आहे. अर्थात डिस्कखेरीज यंत्रालाही स्वतःची वहनमर्यादा असते. बदलानंतर पुन्हा मोजमाप घेऊन ती आड येत नाही याची खात्री करावी.

यंत्र निरोगी, तरीही तक्रार

काही वेळा दोष यंत्रात नसतोच. बाजरीच्या चाचण्यांत महाराष्ट्र व राजस्थान या दोन्ही राज्यांतील संशोधक एकमेकांचे निष्कर्ष वापरतात. समजा, जयपूरच्या सोडाला भागातील घरून काम करणाऱ्या एका संशोधकाला मुंबईतील सर्व्हरवरील तक्ता उघडण्यास पाच सेकंद लागतात, तर पुण्यातील सहकाऱ्याला तो तत्काळ मिळतो. अंतर हे कारण असू शकेल काय? हवाई अंतर हजार किलोमीटरहून थोडे कमी आहे. काचतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाण्यायेण्यास किमान १० मिलिसेकंद. प्रत्यक्ष मार्ग लांब असतो म्हणून हा काळ काही पटींनी वाढेल, पण पाच सेकंद होणार नाही.

अशा वेळी दोन्ही ठिकाणांहून पिंग व एमटीआर चालवून पाहावे. एमटीआर वाटेतील प्रत्येक टप्प्यावरील विलंब व गळती दाखवते. मधल्या एखाद्याच टप्प्यावर गळती दिसून पुढे ती नाहीशी होत असेल, तर तिला महत्त्व देऊ नये, कारण काही राउटर अशा चाचणी संदेशांना मुद्दाम कमी उत्तरे देतात. गळती एखाद्या टप्प्यापासून थेट शेवटपर्यंत टिकत असेल, तरच दोष तेथे शोधावा. पहिल्याच टप्प्यापासून ती दिसत असल्यास घरातील वायफाय प्रथम तपासावे. नेटवर्क दोन्हीकडे स्वच्छ निघाल्यास दोन्ही संशोधकांनी मागवलेली माहिती खरोखर सारखीच आहे काय, हे पाहावे.

दक्षता

निदानसाधने अधिकृत भांडारातून किंवा सेवादात्याकडूनच घ्यावीत आणि त्यांना आवश्यक तेवढीच अनुमती द्यावी. निदान अहवालात चालू प्रोग्रॅमची नावे व नेटवर्क पत्ते असतात. ते सार्वजनिक ठिकाणी टाकू नयेत. सखोल तपासणीचा स्वतःचाही भार पडतो, म्हणून ती अल्पकाळ चालवावी. जुन्या नोंदींनी डिस्क भरणार नाही अशी मुदत ठरवावी. एका वेळी एकच बदल करावा आणि बदलापूर्वीचे व नंतरचे आकडे तारखेसह नोंदवावेत, अन्यथा गुण कोणत्या उपायाने आला हे कळत नाही.

खरीप हंगामात कामाचा ताण वाढण्यापूर्वी, मे महिन्यातच, प्रत्येक केंद्राने आपल्या सर्व्हरवर सिसस्टॅट व सेवादात्याचा एजंट सुरू असल्याची खातरजमा करावी. यंत्राचा प्रकार, डिस्कचा प्रकार व आकार आणि त्यांच्या मर्यादा यांचे एक पानी टिपण तयार करून ते सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीजवळ ठेवावे. मोठ्या यंत्राची मागणी करणाऱ्या प्रस्तावासोबत किमान दोन आठवड्यांचे मोजमाप जोडण्याची पद्धत रूढ केल्यास अनावश्यक खर्च टळेल आणि खरोखर गरज असेल तेथे मागणी सिद्ध करणेही सुकर होईल.