पश्चिमेच्या भिंतीतले कपाट

शनिवारच्या सकाळच्या प्रार्थनेत एक वेळ अशी येते की बसलेले सगळे उठतात, तीन पावले मागे जाऊन तीन पावले पुढे येतात, पाय जुळवतात आणि पश्चिमेकडे तोंड करून पुटपुटू लागतात. ही अमिदा, म्हणजे यहुद्यांची उभ्याने करायची प्रार्थना. ती चालू असताना बोलायचे नाही, जागा सोडायची नाही. ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या शाआर हाशामाइम या 1879 सालच्या सिनेगॉगमध्ये, आधी परवानगी घेऊन, मी मागच्या बाकावरून हे पाहिले.

समोर भिंतीला हेखाल, म्हणजे पवित्र कपाट. त्यावर पडदा, वर अखंड तेवता दिवा. मधोमध कठडा घातलेला चौथरा, तो तेबा. हजान तिथून प्रार्थना चालवतो. मूर्ती नाही, चित्र नाही. ‘त्या कपाटाला नमस्कार नसतो हो,’ शेजारचे काका हळूच म्हणाले, ‘नमस्कार त्या बाजूला.’

ती बाजू जेरुसलेमची. बाबिलोनमध्ये परमुलखात असलेला दानिएल जेरुसलेमच्या दिशेची खिडकी उघडून दिवसातून तीनदा प्रार्थना करी, असे बायबलमध्ये आहे. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी तिथले मंदिर पाडले, दिशा मात्र राहिली. उत्तरेतल्यांनी दक्षिणेकडे पाहावे, पूर्वेतल्यांनी पश्चिमेकडे, म्हणजे सगळ्यांची मने एका ठिकाणी जातील, असे तालमूद हा यहुदी ग्रंथ सांगतो. युरोपातले यहुदी पूर्वेकडे तोंड करतात, कोकणातले पश्चिमेकडे. आणि ज्याला दिशा कळतच नाही त्याने काय करावे? त्याने मन देवाकडे लावावे, तेवढे पुरे. एवढ्या काटेकोर नियमात आंधळ्या माणसासाठी, वाट चुकलेल्यासाठी ठेवलेली ही जागा मला फार मोलाची वाटते.

मी चिटगुप्प्याचा. आमच्या बीदर भागात पश्चिम ही नमाजाची बाजू म्हणून लहान पोरालाही ठाऊक असते. मुसलमानांचा किब्लाही (नमाजाची दिशा) आरंभी जेरुसलेमच होता. 624 च्या सुमारास तो मक्केकडे वळला. पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळची वाट धरली, तर चिटगुप्प्याहून मक्का पश्चिमेच्या साधारण बारा अंश उत्तरेला येते आणि जेरुसलेम अठ्ठावीस-एकोणतीस अंश. मशिदीत आणि सिनेगॉगमध्ये उभ्या राहिलेल्या दोन माणसांच्या नजरेत आमच्या गावाहून एवढेच अंतर.

कोकणातल्या या यहुद्यांचा, म्हणजे बेने इस्रायलांचा, आमच्या कर्नाटकाशी आणखी एक धागा आहे. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. बेने इस्रायल म्हणजे कुराणात उल्लेख असलेले लोक, हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला, असे सांगतात. सुटून आल्यावर 1796 मध्ये त्यांनी मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग बांधले, शाआर हारहामिम. त्यापूर्वी अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यात तेल गाळणारी आणि शनवार तेली म्हणून ओळखली जाणारी ही वस्ती शब्बाथ पाळून, सुंता करून आणि ‘शमा’ ही प्रार्थना म्हणत पिढ्यान्‌पिढ्या टिकली होती. अलिबागचे मागेन आबोथ सिनेगॉग 1848 चे.

अमिदेनंतर पडदा सरला, दार उघडले आणि पुन्हा सगळे उभे राहिले. आत सेफेर तोरा, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या, उभ्या होत्या. चर्मपत्रावर शाईने हाती लिहिलेली ही गुंडाळी. तिच्यात तीन लाखांहून अधिक अक्षरे असतात आणि एक अक्षर जरी तुटले तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचनाला चालत नाही. गुंडाळी मंडळीतून तेब्याकडे निघाली, तसे जो तो हात पुढे करून तिला स्पर्श करी आणि बोटे ओठांना लावी. उघडून ती सगळ्यांना दाखवली, मग वाचन सुरू झाले. चर्मपत्राला हात लावत नाहीत. ओळीवरून सळई फिरते. वाचन हिब्रूत, पण बाकांवरची कुजबूज मराठीत, अगदी अलिबागकडच्या हेलात. प्रार्थना लोकांना कळावी म्हणून एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली, त्याचे महत्त्व इथे बसल्यावर पटते.

हे सगळे व्हायला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ असले तर ज्याची त्याची प्रार्थना होते, पण तोरा बाहेर काढून वाचत नाहीत. 1948 नंतर हजारो कुटुंबे इस्रायलला गेली. ज्या दिशेला तोंड करून पूर्वज उभे राहत, तिकडेच नातवंडे राहायला गेली, यात दुःख मानायचे कारण नाही. पण कोकणातल्या कित्येक सिनेगॉगांत आता दहाचा मेळ बसवण्यासाठी मुंबई-ठाण्याहून माणसे बोलवावी लागतात. इमारतींना वारसा म्हणून रंग देणे सोपे आहे. माझ्या मते खरा वारसा हेखालचे ते दार उघडण्याचे काम आहे, आणि ते दर आठवड्याला करणारी माणसे आपल्या शेजारी, आपल्या भाषेत बोलत राहतात.

त्यांच्याकडे जायचे असेल तर आधी कळवून परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा, डोके झाका. शनिवारी फोटो काढू नका. आणि हेखालचे दार उघडले की सगळ्यांबरोबर उठून उभे राहा.