दोन दिवसांचं दुकान

५ डिसेंबरच्या संध्याकाळी दादरला पश्चिमेकडे उतरलं की रस्ता कुणाला विचारावा लागत नाही. गर्दीच वाट दाखवते. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, खांद्यावर निळे झेंडे, डोक्यावर वळकटी, हातातल्या पिशवीत घरून बांधून आणलेली भाकरी. विदर्भातून, मराठवाड्यातून रात्रभर गाडीत बसून आलेली माणसं चैत्यभूमीकडे चालत असतात. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकर गेले आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी क्षणभर हात जोडता यावेत म्हणून ही माणसं तासन्‌तास रांगेत उभी राहतात.

आणि दर्शन झालं की त्यांतली कितीतरी माणसं सरळ पुस्तकं घ्यायला जातात.

इतकी वर्षं पाहूनही याचं नवल ओसरत नाही. जत्रेत माणूस काय घेतो? रेवड्या, बांगड्या, पोरासाठी पिपाणी. चैत्यभूमीजवळच्या शिवाजी पार्कातही बुद्धमूर्ती, लॉकेट, दिनदर्शिका, पंचशील ध्वज, भीमगीतं असं सगळं मिळतं. पण पुस्तकांच्या ताडपत्रीपुढे माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. मागचा पुढच्याच्या काखेखालून हात घालून पुस्तक उचलतो, पुढचा न वळता त्याचे पैसे दुकानदाराकडे पोचवतो. ज्यांच्या पणजोबांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसवलं गेलं, ती माणसं दोन दिवसांच्या रजेतला एक अख्खा प्रहर पुस्तकं चाळण्यात घालवतात. असं दृश्य आपल्याच शहरात दरवर्षी दिसतं आणि आपण त्या दिवशी वाहतूक कुठून वळवली आहे एवढंच पाहतो, याचं मला वाईट वाटतं.

दुकान म्हणायचं ते किती? एक ताडपत्री, चार-सहा खोकी, मध्ये लोंबणारा एक दिवा. कुणाला मंडपातला गाळा मिळतो, कुणी पदपथावरच बसतं. पण नीट पाहिलं तर मांडणीला एक शिस्त दिसते. अगदी पुढे, गिऱ्हाइकाच्या पायाशी, पातळ पुस्तिका. धम्मदीक्षेच्या २२ प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, बुद्धवंदना, रमाई आणि सावित्रीबाईंची छोटी चरित्रं. त्यामागे मध्यम जाडीची पुस्तकं: जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’, ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’, बाबासाहेबांच्या भाषणांचे संग्रह, दया पवारांचं ‘बलुतं’, बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’. सगळ्यात मागे, दुकानदाराच्या गुडघ्याला टेकून, जाडजूड ग्रंथ: ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, मराठीतलं भारताचं संविधान, धनंजय कीर आणि चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेली चरित्रं. पहिली इयत्ता पुढे आणि शेवटची मागे. नवा वाचक वाकून पुढचं उचलतो. जुना वाचक मान उंच करून मागचं मागतो.

पुढची ओळ इतकी पातळ का, हे समजायचं तर छापखान्यात जावं लागतं. डबल क्राउन कागदाचा ताव २० बाय ३० इंचांचा असतो. तो चार वेळा दुमडला की त्याची सोळा पानं होतात, म्हणजे बत्तीस पृष्ठं. आकार पाच बाय साडेसात इंच, सदऱ्याच्या मोठ्या खिशात मावेल असा. एका रिमात ५०० ताव. म्हणजे पाठीवर नेता येईल एवढ्या एका रिमातून ५०० पुस्तिका निघतात. वर जाड कागदाचं कव्हर, मध्यघडीत दोन पिना, झालं पुस्तक तयार. ना शिलाई, ना पुठ्ठा, ना डिंक वाळायची वाट. एका तावावर मावेल एवढाच विचार ठरवायचा आणि तो पूर्ण मांडायचा. बाबासाहेबांचं एखादं मोठं भाषण किंवा बावीस प्रतिज्ञांचं सविस्तर विवरण त्या बत्तीस पृष्ठांत बरोबर बसतं. चहा-वड्याच्या पैशात मिळणारं पुस्तक जन्माला येतं ते या चार घड्यांमधून.

विकणाऱ्याचं गणितही तितकंच बारीक आहे. बहुतेक माल प्रकाशकाकडून परतीच्या बोलीवर उचललेला असतो: विकलं त्याचे पैसे द्यायचे, उरलेलं परत करायचं. दहा रुपयांच्या पुस्तिकेवर शेकडा तीस कमिशन धरलं तरी हातात तीन रुपये पडतात. शंभर पुस्तिका विकल्या तर तीनशे. त्यातून टेम्पोचं भाडं, हमाली, दोन रात्रींचं जेवण. तरी पुढच्या ओळीतल्या पुस्तिकेची किंमत वाढवायला ही मंडळी सहजी तयार होत नाहीत. जाड ग्रंथावर चार पैसे सुटतात, त्यावर पुढची ओळ तगते.

किंमत हा या चळवळीत फार जुना विषय आहे, आणि त्याची एक विलक्षण गोष्ट आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या वार्षिक अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं. बाबासाहेबांनी भाषण लिहून पाठवलं. मंडळाला त्यातला काही मजकूर पेलेना. तो गाळावा म्हणून पत्रव्यवहार सुरू झाला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अधिवेशनच रद्द झालं. सभा नाही, श्रोते नाहीत, आणि हातात एक न झालेलं भाषण. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं. प्रती १,५००, किंमत आठ आणे. दोन महिन्यांत सगळ्या प्रती संपल्या. पुढच्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, गुजराती आणि तमिळ भाषांतरं झाल्याची आणि मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळमची चालू असल्याची नोंद त्यांनी केली आहे. ज्या भाषणाला सभागृह मिळालं नाही त्याला असा देशभर श्रोता मिळाला.

मला याहून मोठं नवल वाटतं ते पुढच्या एका तपशिलाचं. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या पुस्तकावर लिहिलं. मतभेद तर उघडच होते आणि ते त्यांनी मांडले. पण प्रत्येक सुधारकाने हे वाचलं पाहिजे असं सांगताना त्यांनी किमतीचाही विषय काढला: आठ आणे जास्त होतात, दोन आणे करा, निदान चार तरी. ज्या पुस्तकाशी आपण वाद घालतो आहोत ते स्वस्त व्हावं, अधिक हातांत जावं, असं टीकाकाराने म्हणायचं. आणि लेखकाने त्या टीकेला सविस्तर उत्तर लिहून ती टीका आणि ते उत्तर दोन्ही पुढच्या आवृत्तीत छापायची. शांततेचं शिक्षण म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी ही आवृत्ती त्याच्या हातात देईन. दोन माणसांचं टोकाचं भांडण एकाच बांधणीत, शेजारी शेजारी, आणि निवाडा वाचकावर सोडलेला. आज दादरच्या ताडपत्रीवर त्याच भाषणाची निरनिराळी मराठी भाषांतरं निरनिराळ्या नावांनी मिळतात, त्यांतली काही चार घड्यांच्या पुस्तिकेइतकी संक्षिप्त.

सरकारही या दुकानदारीत उतरलेलं आहे. १९७९ साली महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला. पुढे खंडांची संख्या विसावर गेली. अप्रकाशित हस्तलिखितांच्या ट्रंकांतून काढून, अक्षर लावून हे काम उभं करायला मूनसाहेबांनी आयुष्य वेचलं. खंड जाड, बांधणी पक्की, किंमत मात्र खाजगी प्रकाशकाला स्वप्नातही परवडणार नाही एवढी कमी. म्हणून ते आले की संपतात, आणि संपले की वर्षानुवर्षं मिळत नाहीत. छपाई इतकी रखडली की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पुस्तक मिळत नाही म्हणून न्यायालयाने लक्ष घालावं, एवढी त्या पुस्तकाला मागणी असावी, हे मनात घोळवण्यासारखं आहे.

पण दुकान चालतं ते विकणाऱ्याच्या जिभेवर. एका वर्षी मी एका ताडपत्रीजवळ बराच वेळ उभा होतो. परभणीकडची एक म्हातारी बाई आली. “दादा, बाबासाहेबांचं एखांदं सोपं बघून दे.”

“कुणाला पायजे, आजी?”

“नातीला. आठवीत हाय.”

दुकानदाराने पुढच्या ओळीतलं चरित्र उचललं, मग ठेवून दिलं. “वाचायची सवय हाय का तिला?”

“रातभर वाचती. मला वाचून दाखवती.”

मग त्याने मागून ‘गुलामगिरी’ काढली. मला आश्चर्य वाटलं. आठवीच्या मुलीला १८७३ सालचं पुस्तक? त्याने आजींना समजावलं ते ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “हे दोघांचं बोलणं हाय, आजी. धोंडिबा इचारतो, जोतिबा सांगतो. तिनं धोंडिबाचं वाचायचं, दुसऱ्यानं जोतिबाचं. नाटकावानी.” आजींनी कनवटीची पुरचुंडी सोडली, नोटेची घडी उलगडली, पुस्तक कपाळाला लावून पिशवीत भाकरीशेजारी ठेवलं. ‘गुलामगिरी’ संवादरूपात आहे हे मला कॉलेजात शिकवलं होतं. ते तसं का असावं, मोठ्याने वाचणाऱ्या घरात त्या रूपाचा काय उपयोग होतो, हे मला त्या ताडपत्रीवर कळलं. जोतीरावांनी हे पुस्तक अमेरिकेत गुलामगिरी मोडून काढणाऱ्या माणसांना अर्पण केलं होतं. त्या अर्पणपत्रिकेसकट ते आता परभणीकडे निघालं होतं.

असे दुकानदार अभ्यासक्रम पाठ असल्यासारखे बोलतात. तरुण पोरगा तावातावाने आला, ‘सगळं उलथून टाकलं पाहिजे’ म्हणाला, की त्याच्या हातात बुद्ध आणि मार्क्स यांच्याविषयीची पुस्तिका पडते. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बाबासाहेब याच विषयावर बोलले होते. दुःख आणि शोषण संपवायचं, हे दोघांचंही ध्येय. पण रक्त न सांडता, माणसाचं मन वळवून बदल घडवण्याची वाट बुद्धाची, आणि टिकते तीच, असा त्यांचा युक्तिवाद. त्यानंतर सोळा दिवसांनी ते गेले. हातात मोठा अन्याय आणि मनात मोठा संताप असलेल्या समाजाला त्यांनी जाता जाता दिलेला हा विचार एवढ्याशा पुस्तिकेतून हातोहात फिरतो आहे. पोरगा कधी ती परत ठेवतो, कधी घेऊन जातो. दुकानदार भरीस घालत नाही.

कायमच्या पत्त्याची दुकानंही आहेत. पुण्यात विलास आणि उषा वाघ यांनी ‘सुगावा’ चालवलं, तेही थेट सदाशिव पेठेत. त्याच नावाचं मासिक, प्रकाशन आणि पुस्तकांनी भिंती झाकलेली जागा. कितीतरी दलित, भटके-विमुक्त, स्त्रीवादी लेखकांची पुस्तकं तिथून वाचकांपर्यंत गेली. पण अशा दुकानालाही वर्षाकाठी आपली खोकी उचलून मैदानात यावंच लागतं, कारण त्याचा खरा वाचक पेठेत राहत नाही. तो रेल्वेने येतो.

म्हणून या विक्रेत्यांचं वर्ष पाहण्यासारखं असतं. १ जानेवारीला भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. ३ जानेवारीला सावित्रीबाईंचं नायगाव. २० मार्चला महाड, जिथं १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. १४ एप्रिल तर गावोगाव. मग बुद्धपौर्णिमा. पावसाळ्यात ताडपत्री घडी करून ठेवलेली. अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी, आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर, कारण १९५६ साली नागपूरनंतर दोनच दिवसांनी तिथंही धम्मदीक्षा झाली. शेवटी दादर. जत्रांमागून फिरणारे व्यापारी आपल्याकडे जुनेच आहेत. देवाची तिथी तो त्यांचा बाजार. इथं तिथी इतिहासाची आहे. ज्या गावी जे घडलं त्या गावी, त्या तारखेला, त्याचं पुस्तक. विकत घेणारा जिथं उभा आहे ती जमीनच पुस्तकातल्या पानावर आहे.

बाबासाहेबांनी याच दादरमध्ये, हिंदू कॉलनीत, ‘राजगृह’ बांधलं ते पुस्तकं ठेवायला जागा हवी म्हणून. राहायचं घर आणि ग्रंथांचं घर असा विचार करून बांधलेली ती वास्तू स्टेशनच्या पूर्वेला आहे. पश्चिमेला, सहा तारखेच्या रात्री, मैदानात दिवे उतरवले जातात तेव्हा दुकानदार खाली बसून उरलेल्या प्रती मोजत असतात. पुढची ओळ जवळपास रिकामी. मागचे काही ग्रंथ तसेच, कव्हरला धूळ लागलेली; ती ते पंच्याने पुसतात. परतीचा माल वेगळा, ठेवायचा वेगळा. २२ प्रतिज्ञा संपल्या, ‘गुलामगिरी’च्या चार उरल्या, संविधान एक. वहीत टिपून होतं, सुतळी आवळली जाते. नव्या पुस्तिकांसाठी छापखान्यात उद्याच सांगावं लागणार आहे, कारण भीमा कोरेगावला सव्वीस दिवस उरलेत.