सेन्सर आणि पंप यांच्यातला बिनतारी संवाद

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, त्यामुळे इन्सुलिन आयुष्यभर बाहेरून घ्यावे लागते. ते किती घ्यायचे हे साखरेवर अवलंबून, आणि साखर जेवणाने, चालण्याने, तापाने, झोपेतही बदलत राहते. म्हणून काही रुग्ण दंडावर किंवा पोटावर ग्लुकोज सेन्सर चिकटवतात आणि जवळ इन्सुलिन पंप बाळगतात. या दोन उपकरणांमध्ये संदेशाची देवाणघेवाण रेडिओलहरींवरून होते.

सेन्सरचे केसाएवढे बारीक टोक त्वचेखालच्या द्रवात असते. ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे तिथे साखरेच्या प्रमाणात अतिशय क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो. ट्रान्समीटर त्याचा आकडा बनवून बहुधा दर ५ मिनिटांनी, म्हणजे दिवसाला २८८ वेळा, पंपाकडे पाठवतो. हा द्रव मुळातच रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. त्यात संदेश रखडला तर पंपाला शिळ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो.

आजची बरीच उपकरणे २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारे कमी ऊर्जेचे ब्लूटूथ वापरतात. संदेश छोटा असतो आणि दोन संदेशांमधल्या वेळात रेडिओ जवळजवळ झोपलेला असतो. एवढीशी बॅटरी आठवडे-महिने टिकते ती यामुळेच. अडचण शरीराची आहे. या लहरी पाणी शोषून घेते आणि शरीर बहुतांशी पाण्याचे. सेन्सर उजव्या दंडावर, पंप डाव्या बाजूला आणि माणूस कुशीवर झोपलेला, एवढ्याने संपर्क तुटू शकतो.

संपर्क तुटणार हे गृहीत धरूनच पंपाची आखणी करावी लागते, आणि त्याची खरी कसोटी तिथेच लागते. इन्सुलिन एकदा शरीरात गेले की परत काढता येत नाही. नको असताना गेले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. टँडम कंपनीच्या पंपातली ‘कंट्रोल-आयक्यू’ प्रणाली ३० मिनिटांनंतरच्या साखरेचा अंदाज बांधून मात्रा कमी-जास्त करते. सेन्सरचे आकडे २० मिनिटांहून जास्त वेळ आले नाहीत, तर ती हे फेरफार थांबवून आधी ठरवून दिलेल्या दरावर परतते. माहिती नसताना अंदाजावर रेटत न राहणे हा या रचनेतला सर्वांत शहाणपणाचा भाग आहे.

दुसरा धोका परक्याचा. २०११ मध्ये लास व्हेगासच्या ‘ब्लॅक हॅट’ परिषदेत स्वतः मधुमेही असलेले संशोधक जे रॅडक्लिफ यांनी आपल्याच पंपाला बाहेरून आज्ञा देता येतात हे दाखवले. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेडट्रॉनिकच्या काही जुन्या मिनीमेड पंपांबाबत असाच इशारा दिला. विशेष म्हणजे जुन्या पंपांच्या याच मोकळेपणाचा उपयोग करून डॅना लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘ओपनएपीएस’ ही स्वयंचलित प्रणाली सर्वांसाठी खुली केली. कंपन्यांची वाट पाहून थकलेल्या रुग्णांना त्यातून रात्रीची निर्धास्त झोप मिळाली, हे विसरता कामा नये.

आता जोडणीच्या वेळी सांकेतिक क्रमांक द्यावा लागतो आणि संदेश कूटबद्ध होऊन जातात. २०१८ मध्ये अमेरिकेने डेक्सकॉम जी६ या सेन्सरला इतर कंपन्यांच्या उपकरणांशी जोडण्याची मुभा देणारी मान्यता दिली. पुढच्या वर्षी अशा जोडणीची मुभा असलेल्या पंपांसाठीही वेगळा वर्ग तयार झाला. तरीही प्रत्येक सेन्सर प्रत्येक पंपाशी जुळत नाही. त्यामुळे पंप घेण्याआधी त्याची जोडणी नेमक्या कोणत्या सेन्सरशी होते, हे तपासावेच लागते.