खोल पाण्यातलं सोनं आणि माणसाचे हात

मालवणला स्कूबा डायव्हिंगसाठी बोटीत बसून मास्क चढवताना बरेचसे पर्यटक एकच प्रश्न विचारतात, ‘ऑक्सिजन संपला तर?’ पाठीवरच्या त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. आपण घरात बसून घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. निव्वळ ऑक्सिजन साधारण सहा मीटरच्या खाली शरीराला विषारी ठरू लागतो. आकडी येऊ शकते, आणि पाण्याखाली आकडी येणं म्हणजे तोंडातली नळी सुटणं. हा एक समज चुकीचा निघाला की बाकीचेही तपासावेसे वाटतात. ते तपासायला माझ्या मते एचएमएस एडिनबर्गसारखं दुसरं उदाहरण नाही.

ही ब्रिटिश क्रूझर एप्रिल १९४२मध्ये रशियातल्या मुरमान्स्कहून निघाली, तेव्हा तिच्या पोटात सोन्याच्या ४६५ विटा होत्या. सोव्हिएत संघाने मित्रराष्ट्रांकडून घेतलेल्या युद्धसामग्रीचं ते मोल होतं. वाटेत जर्मन पाणबुडीचे टॉर्पेडो लागून ती लंगडी झाली. २ मे रोजी, जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून, ब्रिटिशांनीच तिला टॉर्पेडो मारून तळाला पाठवलं. बॅरेंट्स समुद्रात, २४५ मीटर खोल.

‘सोनं काढायला यंत्र सोडायचं, माणूस कशाला घालायचा?’ हा समज अगदीच निराधार नाही. मुंबईला सोनं-चांदी घेऊन निघालेलं ‘ईजिप्त’ हे जहाज २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यापलीकडे धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडालं. सव्वाशे मीटरच्या आसपास खोल पडलेलं ते सोनं इटालियन पथकाने १९३२मध्ये वर काढायला सुरुवात केली. पोलादी कोठडीत बसवून एक माणूस खाली सोडायचे. तो काचेतून पाहून टेलिफोनवर सांगायचा आणि वरचे लोक त्याप्रमाणे क्रेनचा जबडा हलवायचे. मधले डेक सुरुंगांनी उडवले होते. कोठडीच्या आत दाब जमिनीवरचाच, त्यामुळे त्या माणसाला ना सोन्याला हात लावता यायचा, ना खोलीचा त्रास व्हायचा.

एडिनबर्गच्या बाबतीत हे चालणार नव्हतं. तिच्यावर पन्नासहून अधिक खलाशी मेले होते आणि त्यांतले काही जण अजून तिच्यातच होते. ती युद्धातल्या मृतांची कबर होती. शिवाय सोनं ठेवलं होतं त्या बॉम्बच्या कोठारात आणि आसपास जिवंत दारूगोळा. म्हणून सुरुंग लावणाऱ्यांऐवजी जहाजाच्या अंगाला बेतानं भोक पाडून पाणबुडे आत पाठवणाऱ्यांना १९८१मध्ये हे काम मिळालं. पुढचा सगळा खटाटोप झाला तो माणसाचे दोन हात तिथपर्यंत पोचावेत म्हणून.

‘मोठा सिलिंडर नेला की भागतं’ असंही वाटतं. २४५ मीटरवर दाब जमिनीवरच्या पंचवीस पट असतो आणि प्रत्येक श्वासाला वायूही तितक्याच पटीने लागतो. वर तासभर पुरणारा सिलिंडर तिथे अडीच मिनिटंही टिकत नाही. पाठीवरची बाटली असते ती फक्त अडीअडचणीला. खरा श्वास येतो तो वरून, जाड नळ्यांच्या जुडग्यातून. त्याला अंबिलिकल म्हणतात, म्हणजे नाळच. इतकं नेमकं नाव क्वचितच पडलं असेल. श्वासाचा वायू, बोलण्याची तार, दिव्याची वीज आणि गरम पाणी, सगळं त्या नाळेतून येतं.

नाळेतून साधी हवाही पाठवता येत नाही. हवेतला नायट्रोजन तिशीच्या मीटरपासूनच नशा चढवू लागतो आणि इतक्या दाबाखाली हवेतला ऑक्सिजनही विष होतो. म्हणून हीलियममध्ये जेमतेम दोन टक्के ऑक्सिजन मिसळतात. तोच वायू जमिनीवर घेतला तर माणूस बेशुद्ध पडेल.

आता थंडी. ‘जाड सूट घातला की झालं’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो ऐकायला अगदी पटतो. तिथलं पाणी शून्याहून जेमतेम काही अंश वर. पण गारठा नुसता बाहेरून येत नाही. हीलियम हवेच्या सुमारे सहा पट वेगाने उष्णता वाहून नेतो. त्यात तो पंचवीस पट दाबाखाली दाट झालेला. थंड वायू छातीत गेला की प्रत्येक उच्छ्वासाबरोबर अंगातली ऊब बाहेर पडते. कातडीवर कितीही थर चढवा, फुप्फुसांना कांबळं पांघरता येत नाही. म्हणून श्वासाचा वायूच गरम करून द्यावा लागतो.

आणि सूट? तो अंग कोरडं ठेवणारा नसतोच. जहाजावर तापवलेलं पाणी नाळेतून कमरेजवळच्या झडपेपर्यंत येतं, तिथून भोकं पाडलेल्या बारीक नळ्यांतून छातीवर, पाठीवर, हातापायांवर झिरपतं आणि मनगटांतून, घोट्यांतून समुद्रात निघून जातं. पाणबुडा काम करता करता ती झडप थोडी उघडतो, थोडी बंद करतो. वरून पाणी जास्त तापून आलं तर कातडी भाजते. यायचं थांबलं तर त्याच्या हाती थोडीच मिनिटं उरतात.

‘खाली जाणं अवघड, वर येणं सोपं’ हे तर थेट उलट आहे. गोटीसोड्याची गोटी आत ढकलली की काय होतं ते आपण पाहिलंय. दाब एकदम उतरला की रक्तात आणि सांध्यांत मुरलेला वायू असाच बुडबुडे धरतो. मात्र शरीर एकदा वायूने पुरतं भरलं की त्याहून जास्त तो मुरत नाही. मग खाली एक दिवस राहा नाहीतर तीन आठवडे, वर यायला लागणारा वेळ तेवढाच. म्हणून हे पाणबुडे जहाजावरच्या पोलादी टाकीत त्याच दाबाखाली राहतात, तिथेच जेवतात, झोपतात आणि घंटेसारख्या बंद पेटीतून कामावर जातात. खाली गेल्यावर एक जण बाहेर पडतो, दुसरा पेटीत बसून त्याची नाळ सांभाळतो. काम संपलं की दाब हळूहळू उतरवतात. ढोबळ हिशेब दर तीस मीटरला एक दिवस आणि वर आणखी एक, म्हणजे इथे साधारण नऊ दिवस. घरून वाईट निरोप आला तरी तेवढे दिवस दार उघडता येत नाही. डेकवरचा मित्र काचेपलीकडे हातभर अंतरावर उभा असतो.

पेटाऱ्यात चमकणारं सोनं सिनेमातच. इथे तेल, गाळ, गंजलेलं लोखंड आणि दारूगोळा यांच्यात हातांनी चाचपायचं होतं. सप्टेंबर १९८१च्या मध्यात पहिली वीट हाताला लागली. ७ ऑक्टोबरला हवामानाने काम थांबवलं, तोवर ४३१ विटा वर आल्या होत्या.

‘सापडेल त्याचं सोनं’ हेही खरं नाही. मालकी सोव्हिएत आणि ब्रिटिश सरकारांची होती. काढणाऱ्यांना करारानुसार ४५ टक्के मिळाले. उरलेल्यात साधारण दोन वाटे मॉस्कोचे आणि एक लंडनचा. १९८६मध्ये पाणबुडे पुन्हा उतरले आणि आणखी २९ विटा मिळाल्या. पाच विटा अजून खाली आहेत, त्या खलाशांजवळ.