भगवा नेमका कोणता?

एकाच फाइलमधला भगवा एका फ्लेक्सवर विटकरी उमटतो, दुसऱ्यावर पिवळट. खापर फुटते छापणाऱ्यावर. पण गोंधळ त्याआधीच, रंग कळवण्याच्या पद्धतीत झालेला असतो. ऑफसेट छपाईत ठरावीक नारिंगी हवा असेल तर त्याच रंगाची शाई घोटून यंत्रात भरतात. हा स्पॉट रंग. १९६३ साली पॅन्टोनने अशा रंगांना क्रमांक देऊन शेडकार्ड काढले. मोठ्या आकाराच्या साध्या इंकजेट यंत्रात मात्र सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी एवढ्याच शाया असतात. त्यांच्या थेंबांतून तो नारिंगी उभा करावा लागतो. म्हणून डिझायनर ‘मॅजेंटा ६०, पिवळा १००’ असे टक्के लिहून मोकळा होतो. हे टक्के पाककृतीतल्या चमच्यांसारखे आहेत. मीठ किती घालायचे ते कळते, पण ते किती खारट आहे हे कळत नाही. शाईची कंपनी बदलली किंवा फ्लेक्सचा पांढरा निळसर निघाला, की त्याच टक्क्यांतून वेगळा रंग येतो.

तेव्हा टक्के नव्हे, डोळ्यापर्यंत पोहोचणारा रंगच मोजला पाहिजे. आपल्या राष्ट्रध्वजाच्या मानकात केशरी नुसत्या नावावर सोडलेला नाही. सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९३१च्या पद्धतीने त्याचे आकडे दिले आहेत. छपाईत याच संस्थेची १९७६ची लॅब पद्धत चालते: उजळपणा, लाल-हिरवेपणा, पिवळे-निळेपणा असे तीन आकडे. दोन रंगांमधल्या अंतराला डेल्टा ई म्हणतात. ते एकच्या आसपास असेल तर फरक सरावलेल्या नजरेलाही जेमतेम जाणवतो. फाइलमध्ये स्पॉट रंगाचे नाव तसेच ठेवले, तर यंत्रासाठी फाइल तयार करणारे रिप सॉफ्टवेअर त्याचे लॅब आकडे घेऊन त्या यंत्राच्या, शाईच्या आणि फ्लेक्सच्या प्रोफाइलवरून, म्हणजे कोणत्या टक्क्यांतून कोणता रंग येतो त्या नोंदीवरून, मिश्रण काढते. मग आसपासच्या छटांच्या चौकटी छापायच्या, स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजायच्या आणि सर्वांत कमी अंतराची निवडायची.

मुरलेल्या कारागिराची नजर पुरेशी नाही का? शेजारी ठेवलेल्या दोन छटांमधला फरक नजर झटकन पकडते, पण कालची छटा लक्षात ठेवण्यात ती कच्ची आहे. शिवाय ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. तीस फुटांवरून कोण बघतो, हा आक्षेप एकट्या फलकापुरता खरा. चार पट्टे जोडून केलेल्या भिंतीवर सांध्याशी फरक तिथूनही दिसतो. खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मोजून सुटत नाही. अस्सल नारिंगी शाई साधारण ५८० नॅनोमीटरच्या अलीकडचा बहुतेक प्रकाश गिळते आणि पलीकडचा परत पाठवते. मॅजेंटाचे विखुरलेले थेंब हिरवा प्रकाश अर्धवटच अडवतात, त्यामुळे रंग मळतो. म्हणूनच काही यंत्रांत नारिंगी शाई वेगळी भरतात. ती नसेल तर डेल्टा ई सहाच्या खाली येणार नाही, असे रिप छपाईआधीच सांगू शकते. मग ग्राहकाशी बोलणे ‘भगवा बरोबर आला का’ यावर न अडता ‘सहा चालतील का’ इथून सुरू करता येते.